१० लिटरची सॅक आणि तिला घरी शिवलेली बाटलीची गवसणी

दोन वर्षांपूर्वी एका दिवसाच्या भटकंतीसाठी म्हणून मी १० लिटरची एक छोटी सॅक ५०० रुपयांच्या आत विकत घेतली. तिच्यात एक मोठा कप्पा आहे, पुढच्या बाजूला किल्ल्या आणि पाकीट मावेल एवढा एक खिसा आहे, पातळ फोम भरलेले खांद्याचे दोन पट्टे आहेत आणि वर हातात धरण्यासाठी एक बंद आहे. कमरेचा पट्टा नाही, छातीवरचा पट्टा नाही आणि बाटली बाहेरून ठेवण्याची कोणतीही सोय नाही. अशा सॅक आज अनेक उत्पादक एकाच साच्यातून काढल्यासारख्या विकतात. त्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे न समजता या जातीच्या सॅकचे समजावे. परीक्षणाचा निम्म्याहून अधिक भाग मी स्वतः करून जोडलेल्या बाटलीच्या गवसणीविषयी आहे, कारण ती जोडण्यापूर्वी ही सॅक मला निम्मीच वाटत होती.

आधी सॅकच्या गुणांविषयी. रिकामी असताना ती इतकी हलकी आहे की घडी घालून मोठ्या बॅगेत टाकली तर जाणवत नाही. कापड पॉलिएस्टरचे असून आतून त्याला लेप दिलेला आहे. करवंदीच्या काट्यांनी त्यावर ओरखडे पडले आहेत, पण ते कोठेही फाटलेले नाही. चेन दोन वर्षांत एकदाही अडकली नाही, आणि चेनच्या बाबतीत माझे नशीब एरवी बरे नाही. रिमझिम पावसात आतले सामान कोरडे राहते. धो धो पावसात मात्र चेनमधून पाणी शिरते, तेव्हा मोबाइल आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालावेच लागतात. पाठीला हवा लागण्याची व्यवस्था नसल्यामुळे चढावर पाठ घामाने चिंब होते. या किमतीत त्याबद्दल तक्रार करणे मला योग्य वाटत नाही.

पाण्याबद्दलची तक्रार मात्र किमतीकडे बोट दाखवून झटकता येणार नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ती बाटली आत ठेवली की सॅकमधली सर्वांत जड वस्तू एकतर मणक्याला टोचत राहते, नाहीतर तळाशी आडवी होऊन सॅक खाली ओढते. झाकण जरा सैल राहिले की पोळीभाजीच्या डब्याभोवती गुंडाळलेला रुमाल आणि जास्तीचा शर्ट दोन्ही ओले होतात. याहून मोठा तोटा असा की पाणी प्यायचे तर थांबावे लागते, सॅक काढावी लागते, चेन उघडून वरचे सामान बाजूला करावे लागते आणि मग तेच सगळे उलट्या क्रमाने करावे लागते. बरोबरची मंडळी पुढे निघालेली असतील तर माणूस हे टाळतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या वाटेवर, जिथे एक टेकडी उतरली की दुसरी उभी राहते आणि मधे सरबताची टपरी नाही, तिथे मी सकाळी भरलेल्या दोन लिटरांपैकी पाऊण लिटर पाणी संध्याकाळी परत आणले होते. डोके ठणकत होते आणि पाणी पाठीवरच होते. आतकरवाडीहून सिंहगड चढताना हा दोष लक्षातही येत नाही, कारण तिथे दर थोड्या अंतरावर ताक आणि लिंबूसरबत मिळते. त्यामुळे केवळ सिंहगडाच्या वाऱ्या करणाऱ्याला ही सॅक आहे तशीच पुरेशी वाटेल.

यावर विकतचे उपाय आहेत आणि त्यांतले तीन मी वापरून पाहिले. नळी असलेली पाण्याची पिशवी सर्वांत सुटसुटीत वाटते, पण १० लिटरच्या सॅकमध्ये दोन लिटरची पिशवी ठेवली की जागेचा पाचवा हिस्सा तिथेच संपतो, पाणी किती उरले ते दिसत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती नळी आतून वाळवणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. एकदा आठवडाभर विसरले आणि नळीत काळे ठिपके आले. दुसरा उपाय म्हणजे बाटलीच्या झाकणाची कडी कॅराबिनरने, म्हणजे गिर्यारोहक वापरतात त्या उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, सॅकला अडकवणे. तशी बाटली दर पावलाला मांडीवर आपटते, आणि संपूर्ण वजन ज्या प्लास्टिकच्या कडीवर असते ती कडी कधीतरी तुटतेच. तिसरी म्हणजे शाळकरी मुलांची गळ्यात अडकवायची वॉटरबॅग. सपाटीवर ती ठीक आहे. पण उतारावर वाकले की ती पोटासमोर झोके घेते आणि पाय कुठे टाकायचा ते दिसेनासे होते.

तेव्हा स्वतः काही करावे असे ठरवले. पहिला प्रयत्न जुन्या जीन्सच्या पायाचा. गुडघ्याखालचा तुकडा कापून एक बाजू शिवली, वरच्या कडेत नाडी ओवली, आणि झाली गवसणी. ती वाईट नव्हती, हे आवर्जून नोंदवते. एप्रिलमध्ये ती पाण्यात भिजवून घेतली तेव्हा तासाभराने बाटलीतले पाणी चांगले गार लागले. पूर्वी लोक प्रवासात कापडी छागळ बाहेर टांगत ती याच कारणाने. ओल्या कापडातून पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेते. मात्र त्यासाठी हवा कोरडी लागते. जुलैमध्ये तीच गवसणी दिवसभर ओलीच राहिली, पाणी गार करण्याचे काम तिने सोडून दिले, उलट भिजलेल्या सुती कापडाचे वजन वाढले आणि दोन दिवसांत तिला कुबट वास येऊ लागला. उन्हाळ्यापुरती ती मी अजून ठेवली आहे.

दुसरा प्रयत्न शिंक्याचा. घरात दह्याचे मडके टांगायला शिंके असे, तसे तीन मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोरीचे जाळे बाटलीभोवती विणले. दोरीची टोके मेणबत्तीवर वितळवून घेतली, सगळीकडे निरगाठी मारल्या आणि वजन जवळजवळ शून्यावर आणले. दिसायलाही ते सुरेख होते. त्याचा निकाल पहिल्याच भटकंतीत लागला: करवंदीच्या जाळीतून जाताना माझी जाळी तिच्यात अडकली आणि ती सोडवताना हातावर काटे बसले. शिवाय दोरीला स्वतःचा आकार नसतो. बाटली एकदा बाहेर काढली की शिंके मिटते, आणि चालता चालता ती परत आत घालणे एका हाताने होत नाही. वस्तू नुसती टांगायची असेल तर शिंके पुरते. वारंवार काढायची-घालायची असेल तर तोंड उघडे राहील असे काहीतरी हवे, एवढे या प्रयत्नातून कळले.

तिसऱ्या गवसणीसाठी मी भाच्याचे टाकून दिलेले दप्तर उसवले. दप्तराचे कापड जाड, लेप दिलेले आणि लवकर वाळणारे असते, आणि त्याच्या बाजूच्या खिशांची जाळी तळासाठी उपयोगी पडते. माझ्या एक लिटरच्या बाटलीचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे, म्हणजे परीघ साधारण साडेतेवीस. त्यात दीड सेंटिमीटर सैलपणा धरून २५ आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी आणखी दोन, असे २७ सेंटिमीटर रुंदीचे कापड कापले. तळाची चकती जाळीची. ती शिलाई धरून १० सेंटिमीटर व्यासाची. तळ जाळीचाच असावा, कारण बंद तळात पावसाचे पाणी साचते आणि आपण विनाकारण तेही वाहत राहतो. उंचीच्या बाबतीत मी आधी चूक केली. बाटली सुरक्षित राहावी म्हणून गवसणी सर्व बाजूंनी सारखीच उंच ठेवली. त्यामुळे बाटली काढता येत असे, पण पाठीवर सॅक असताना परत घालायला दर वेळी कोणालातरी हाक मारावी लागे. नंतर पुढची, म्हणजे चालण्याच्या दिशेची कड १४ सेंटिमीटरवर आणली, मागची १८ वरच ठेवली आणि तोंड तिरके केले. या एका कापण्याने जेवढा फरक पडला तेवढा इतर कशानेही पडला नाही. तिरक्या कडेत इलॅस्टिक घातले आहे, पण फार ताणलेले नाही. घट्ट इलॅस्टिक बाटली धरून ठेवते हे खरे, पण तिला परत आतही येऊ देत नाही.

आता ही गवसणी सॅकला जोडायची कशी, हा खरा प्रश्न. सोपे उत्तर म्हणजे सॅकच्या कुशीवरच शिवून टाकणे. ते मी मुद्दाम केले नाही. लेप दिलेल्या कापडातून सुई गेली की प्रत्येक टाक्याचे एक भोक होते, आणि त्या भोकांमधून पावसाचे पाणी आत येते. शिवाय एक थर पातळ कापड एक किलो वजन ओढत राहिले की टाक्यांच्या रेषेवर कागदासारखे फाटते. म्हणून सॅकला एकही टाका न घालता दोन पट्ट्यांवर सगळा भार घेतला आहे. गवसणीच्या मागच्या बाजूला २५ मिलिमीटर रुंदीची नायलॉनची उभी पट्टी तळापासून कडेपर्यंत शिवली आणि तिचे वरचे टोक लांब सोडून ते त्याच बाजूच्या खांद्याच्या पट्ट्याला, तो सॅकला जिथे जोडलेला आहे तिथे, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या बक्कलने अडकवले. वजन हा वरचा पट्टा पेलतो. दुसरी पट्टी आडवी. ती सॅकच्या तळापासून चार बोटे वर, चेनची टोके जिथे संपतात त्याच्या खालून, पूर्ण वेढा घेते आणि समोर खटक्याच्या बक्कलने बंद होते. गवसणीच्या पाठीवर शिवलेल्या फासातून ती जाते, त्यामुळे बाटली झुलत नाही. सॅक रिकामी असली तरी हा वेढा खाली घसरत नाही, कारण खांद्याचे पट्टे खाली जिथे त्रिकोणी तुकड्यांत शिवलेले असतात त्यांच्यावरून तो नेला आहे. वरचा पट्टा मी आधी हातात धरायच्या बंदाला बांधला होता. तेव्हा गवसणी सरळ उभी राही. खांद्याच्या पट्ट्याला बांधल्यावर ती थोडी पुढे कलली आणि हात आपोआप बाटलीच्या गळ्यावर जाऊ लागला.

सामान पुण्यात रविवार पेठेत मिळाले. पट्टी मीटरवर मिळते, बक्कल सुटे मिळते. पट्टी घेताना नायलॉनची मागावी, कारण चकचकीत दिसणारी स्वस्त पट्टी बक्कलमधून सरकत राहते. घरच्या शिवणयंत्रावर मी गवसणी शिवली, पण पट्टी आणि कापडाचे चार थर एकत्र आल्यावर सुई मोडली, आणि दुसरीही मोडली. मग ते काम घराजवळच्या बॅग-दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी माझी शिलाई उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “ताई, नुसती सरळ टीप मारून हे टिकायचं नाही. पट्टीच्या टोकाला चौकोन करा आणि मध्ये फुली मारा.” सरळ टिपेत एक टाका तुटला की शेजारचे टाके ओळीने उसवत जातात, चौकोन आणि फुली असेल तर ओढ चारी बाजूंना वाटली जाते. दप्तरांच्या पट्ट्यांवर हा आकार मी शेकडो वेळा पाहिला होता आणि तो शोभेसाठी असावा असे समजत होते. काकांनी जाड नायलॉनच्या दोऱ्याने अशा पाच जागा पक्क्या करून दिल्या आणि ४० रुपये घेतले. त्यांच्या कामात खोट काढायला जागा नाही. पट्ट्या, बक्कले, इलॅस्टिक आणि दोरा मिळून ९५ रुपये लागले होते, म्हणजे एकूण खर्च १३५.

एक गोष्ट काकांनी सुचवली नाही, ती कळसूबाईने शिकवली. गवसणीचे तोंड तिरके असल्यामुळे खूप वाकले की बाटली बाहेर डोकावते. कळसूबाईच्या, म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत आणि सुटीच्या दिवशी त्या शिड्यांवर माणसांची रांग असते. अशा ठिकाणी वरून निसटलेली भरलेली बाटली हा गमतीचा विषय नाही. ती खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते. माझी निसटली नाही, पण अर्धी बाहेर आलेली मागच्या मुलाने दाबून आत बसवली. त्यानंतर गवसणीच्या मागच्या कडेला इलॅस्टिकच्या दोरीचा एक फास जोडला. जॅकेटच्या टोपीच्या दोरीला असते तशी दाबून सरकवायची प्लास्टिकची गुंडी त्याला आहे. फास बाटलीच्या गळ्यात घालून गुंडी ओढली की सॅक उलटी धरली तरी बाटली पडत नाही. अशी गवसणी कोणी करणार असेल तर हा फास पहिल्या दिवसापासून लावावा, आणि धातूची बाटली वापरणाऱ्याने तो लावल्याशिवाय कड्यावरच्या वाटेला जाऊच नये.

फास लावल्यानंतर मी ही जोडणी राजगडावर गुंजवण्याच्या बाजूने नेली. चढाच्या वाटेवर सॅक न काढता पाणी पिता येऊ लागले आणि पद्मावती माचीवर पोहोचेपर्यंत पहिली बाटली रिकामी झाली. आधीच्या सवयीशी तुलना केली तर मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मात्र चोरदरवाज्यापाशी अंग चोरून वाकत आत शिरताना बाजूला आलेला आठ सेंटिमीटरचा फुगवटा कातळाला घासला आणि कापडावर पांढरा चट्टा उठला. अरुंद जागी बाटली काढून हातात घ्यावी किंवा सॅकमध्ये टाकावी, हे उत्तम. दुसरी मर्यादा तोलाची. एका कुशीला एक किलो आणि दुसरीला काही नाही, अशा स्थितीत घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, उतरताना शरीर त्या बाजूला ओढले जाते. मी सॅकमध्ये डबा विरुद्ध बाजूला ठेवून हे बरेचसे सावरते. दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन गवसण्या केल्या तर ते अधिक चांगले होईल. तिसरी अडचण एसटीची: गर्दीत बाजूला आलेली बाटली सहप्रवाशांच्या कोपराला लागते आणि ते ती लागल्याचे स्पष्ट शब्दांत सांगतात. बक्कल सोडून गवसणी अर्ध्या मिनिटात काढता येते, त्यामुळे प्रवासात ती आतच ठेवावी.

खांद्याच्या पट्ट्यावर, छातीसमोर बाटली लावण्याची पद्धत काही धावपटू वापरतात. अर्ध्या लिटरच्या मऊ बाटलीसाठी ती सोयीची असेल. या सॅकच्या पातळ पट्ट्यांवर मात्र ती चालत नाही, कारण छातीवरचा पट्टा नसल्याने बाटलीच्या वजनाने खांद्याचा पट्टा बाहेर घसरतो. शिवाय शिडी चढताना समोरची बाटली दर पायरीला अडते. ज्यांच्या सॅकला छातीवरचा पट्टा आहे त्यांनी हा पर्याय अवश्य पाहावा.

आता किमतीचा हिशेब. बाजूला तयार जाळीचे खिसे असलेली सॅक घ्यायची तर मी पाहिलेल्या दुकानांत दुपटीच्या आसपास पैसे पडत होते, आणि त्यातल्या बऱ्याच सॅकचे खिसे इतके उथळ होते की एक लिटरची बाटली त्यांत अर्धीच बसत होती. दुकानात सॅक पाहायला जाताना स्वतःची बाटली भरून न्यावी, खिशात ठेवावी आणि सॅक पाठीवर असताना ती काढून परत घालून पाहावी. विक्रेता थोडा त्रासतो, पण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हे कळत नाही. ज्याला शिवणकामाचा कंटाळा आहे त्याने दुप्पट पैसे देऊन खोल खिशांची सॅकच घ्यावी. ज्याच्याकडे ही छोटी सॅक आधीच आहे, किंवा ज्याला तिचा हलकेपणा हवा आहे, त्याला १३५ रुपये आणि एक रविवार यांत काम भागवता येईल. सॅकला मी पाचपैकी तीन तारे देते, गवसणीसकट चार. पाचवा तारा पाठीवरच्या घामात गेला.

देखभाल फारशी नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर गवसणी सोडवून उलटी करायची आणि पंख्याखाली टांगायची; तळाच्या जाळीत गवताचे कुसळ अडकते ते जुन्या दातघासणीने काढायचे. इलॅस्टिक वर्षभरात सैल झाले आणि मी ते एकदा बदलले आहे, त्यामुळे शिवतानाच वरच्या दुमडीचे एक तोंड उघडे ठेवावे. नाहीतर पाच रुपयांच्या इलॅस्टिकसाठी सगळी कड उसवावी लागते. चौकोन-फुलीच्या पाचही जागा आजपर्यंत जशाच्या तशा आहेत.